आधी तुम्ही प्या, मग गाडी

आबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी घरासमोरून एखादी डिझेल गाडी गेली की वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगतात, "ह्याचा क्लच गेला बघ." गेल्या पावसाळ्यात मी एक जुनी व्हॅन घेतली. आधी ती शाळेची होती, मग काही वर्षं फिरत्या दवाखान्याची. मागची बाकं काढून आम्ही दोन फळ्यांचे पलंग केले, एका कोपऱ्यात शेगडी आणि पाच किलोचं सिलेंडर, खाली पाण्याची चाळीस लिटरची टाकी, टपावर एक सोलर पॅनल. पहिला मोठा प्रवास कुठे करायचा हे आबांनीच ठरवलं. कच्छच्या रणातून निघायचं आणि थरच्या कडेकडेनं वर बिकानेर गाठायचं. त्यांनी आयुष्यभर घाट उतरवले होते, सरळ रस्त्यावर गाडी चालवायची हौस राहून गेली होती.

घर ते भूज दोन दिवस लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दिवस पहिला : भूज ते धोळावीरा

संक्रांतीचा दिवस होता. भूजमधल्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, विजेच्या तारांना पतंग लटकलेले. गावाबाहेर पडेपर्यंत आबांनी खिडकीची काच वर केली नाही.

खावड्याच्या पुढे रस्ता रणात शिरतो आणि मग सुमारे तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना पांढऱ्या मिठाशिवाय काही नाही. पावसाळ्यातलं पाणी अजून काही ठिकाणी उभं होतं. त्यात आभाळ इतकं स्वच्छ उतरलेलं की क्षितिज कुठे आहे ते कळेना. आमची गाडी ताशी पन्नासच्या वर नेत नाही आम्ही, त्यामुळे मागून येणाऱ्या सगळ्यांना वाट देत देत तो रस्ता तासभर पुरला. मला तो आणखी तासभर पुरला असता तरी चाललं असतं.

धोळावीरा हे हडप्पाकालीन शहर खदीर बेटावर आहे. 2021 मध्ये त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, त्यानंतर गर्दी वाढली आहे, पण दुपारी तीननंतर अवशेषांमध्ये आम्ही आणि एक शाळेची सहल एवढेच होतो. सोबतचा तरुण वाटाड्या खदीरचाच. बालेकिल्ला, बाजाराची मोकळी जागा, दगडी दरवाजे हे सगळं त्यानं दाखवलं, पण त्याचा जीव हौदांवर. शहराच्या एका अंगानं मानसर आणि दुसऱ्या अंगानं मनहर असे दोन ओढे वाहतात, तेही फक्त पावसाळ्यात. त्यांना बांध घालून ते पाणी हौदांत वळवलेलं, हौद काही ठिकाणी सरळ खडकात कोरलेले, आत उतरायला पायऱ्या. चारी बाजूंना खारं रण, आणि मध्ये साठवलेल्या पावसावर हे शहर जवळपास दीड हजार वर्षं नांदलं. पूर्वेकडच्या हौदाच्या काठावर आबा बराच वेळ बसून राहिले. "ह्यांनी आधी पाण्याची सोय केली आणि मग घरं बांधली असणार," म्हणाले. तेव्हा मला ते साधं वाक्य वाटलं होतं.

रात्र एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात काढली. गाडी लावायची, त्यांचं न्हाणीघर वापरायचं, जेवण त्यांच्याकडेच. बाजरीचे रोटले, वांग्याचं भरीत, ताक. जुन्या व्हॅननं फिरणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे : मोकळ्या माळावर मुक्काम ऐकायला छान वाटतो, पण या सीमाभागात रात्री कुणाच्या तरी अंगणात, धर्मशाळेत किंवा पेट्रोल पंपावर विचारूनच थांबावं. विचारलं की नाही म्हणत नाहीत. न विचारता थांबलं तर मध्यरात्री कुणीतरी टॉर्च मारून चौकशी करतं, आणि त्यांचंही बरोबर असतं.

दिवस दुसरा : साचोर

नुसता गाडी चालवण्याचा दिवस. रापर, सांतलपूर, राधनपूर, थराद असं करत राजस्थानात शिरलो.

या पट्ट्यात नर्मदेचा कालवा भेटतो. 2008 पासून हे पाणी साचोरच्या बाजूला पोचलं आहे. आबांनी गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरून हात जोडले आणि "नर्मदे हर" म्हणाले. कालव्याच्या दोन्ही अंगांना जिरं आणि मोहरी, आणि पलीकडे लगेच बाभळीचं वैराण रान. आमची एक आत्या नंदुरबारकडे दिलेली. सरदार सरोवर धरणात बुडालेल्या त्या भागातल्या गावांबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते पाणी इथे कुणाच्या जिऱ्याला मिळतंय हे डोळ्यांनी पाहिल्यावर आनंद आणि दुःख यांतलं एक निवडता येईना. आम्ही दोघंही पुढचा अर्धा तास काही बोललो नाही.

दिवस तिसरा : माजीसांचा टांका

साचोरहून बाडमेरच्या रस्त्याला लागलं की गांधवजवळ लूणी नदी ओलांडावी लागते. अजमेरच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी बालोतऱ्यापर्यंत गोडी असते, पुढे खारी होत जाते आणि शेवटी कच्छच्या रणात जिरते. जानेवारीत पात्रात वाळू आणि पांढरी खपली तेवढी होती.

धोरीमन्ना मागे टाकल्यावर आबा एकदम म्हणाले, "थांब. पंख्याचा आवाज बदललाय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. टेंपरेचरचा काटा तेव्हा कुठे हलायला लागला होता. गाडी खेजडीच्या सावलीला घेतली. बोनेट उघडलं तर कूलंटचा गोडसर वास आणि रेडिएटरच्या खालच्या शिवणीतून टपटप. आबांनी मला झाकणाला हात लावू दिला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजलेली माणसं त्यांनी डेपोत पाहिली आहेत. पाऊण तास थांबलो, मग टाकीतलं पाणी घातलं. दहा किलोमीटर गेलो, पुन्हा काटा वर. पुन्हा थांबलो, पुन्हा पाणी. असं तीनदा झाल्यावर टाकीत तळाशी चहापुरतं पाणी उरलं. बाडमेर अजून बरंच लांब होतं.

रस्त्यापासून आत एक ढाणी दिसत होती. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, दोन-तीन गोल झोपड्या आणि काटेरी कुंपण. आबा रिकामा कॅन घेऊन पुढे, मी मागे. अंगणात एक म्हातारी बाई धान्य पाखडत होत्या. त्यांना काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं, त्यांच्या नातवानं सांगितलं, "माजीसा."

आबांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं की गाडी तापलीय, थोडं पाणी हवंय. माजीसा उठल्या, आत गेल्या आणि पितळी लोटा भरून आणला. आबा तो कॅनमध्ये ओतायला लागले तसा त्यांनी हात धरला.

"पेली थे पीओ. पछे गाडी."

आधी तुम्ही प्या, मग गाडी. आम्ही उभ्याउभ्या प्यायलो. त्या पाण्याला कसलीही चव नव्हती, पावसाला जी असते तेवढीच.

अंगणापलीकडे टांका होता. जमिनीत गोल खणलेला, चुन्यानं गिलावा केलेला, वर घुमट आणि घुमटाला लोखंडी झाकण. झाकणाला कुलूप. भोवतालची जमीन सगळीकडून टांक्याकडे उतरती करून चोपून घट्ट केलेली. तिला आगोर म्हणतात. पावसाआधी आगोर झाडून काढायचा, त्यावर चपला घालून जायचं नाही, जनावर येऊ द्यायचं नाही. त्यावर पडलेला पाऊस घरंगळत टांक्यात जातो. हे पालर पाणी, थेट आभाळातून आलेलं. श्रावणात भरलेला टांका पुढच्या आषाढापर्यंत पुरवायचा असतो.

कुलूप पाहिलं आणि आबा थबकले. त्यांनी लगेच सांगितलं की गाडीला खारं पाणीही चालेल, बाजूच्या विहिरीचं द्या. माजीसांनी मान हलवली. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो. खाऱ्या पाण्यानं रेडिएटर आतून धरतो, मग ट्रॅक्टर वाळूत उभा राहतो, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडून त्यांनी झाकण उघडलं. नातवानं दोरीला बादली लावली. खाली अंधारात पाणी चमकलं.

दोन बादल्या पाणी त्यांनी आमच्या यंत्राला दिलं. शिवाय घरातला पाच लिटरचा कॅन भरून दिला, वाटेत लागेल म्हणून. पैशांचं नाव काढलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मला फार अवघडल्यासारखं झालं. आम्ही फिरायला निघालेली माणसं, आणि आमच्या हौसेसाठी त्या घराचं वैशाखातलं पाणी कमी होत होतं. त्या क्षणी आमच्याकडे देण्यासारखं एकच होतं. मी पळत गाडीत जाऊन तिळगुळाचा डबा आणला. माजीसांनी लाडू हातात घेऊन वास घेतला, तीळ ओळखले आणि पहिल्यांदा हसल्या. मग आमच्यापुढे बाजरीची भाकरी, लसणाची लाल चटणी आणि वाडगाभर ताक आलं. भाकरी थापण्याची त्यांची पद्धत माझ्या आजीसारखीच. थापताना हात कसा फिरतो ते आबा टक लावून बघत होते.

संध्याकाळी सातला बाडमेरला पोचलो, ताशी तीसच्या वेगानं, दोनदा थांबून. माजीसांचा कॅन उघडायची वेळ मात्र आली नाही.

दिवस चौथा : बाडमेर

मिस्त्रीनं रेडिएटर खाली उतरवला आणि खूश झाला. जुन्या गाड्यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, त्याला झाळ मारता येते. नव्या गाड्यांचा ॲल्युमिनियमचा असतो, फुटला की बहुतेक वेळा बदलावाच लागतो. जुनी गाडी घेऊन लांब जाताना हा मोठा आधार आहे. त्यानं आतला गाळ काढून दाखवला : पांढरी, चुनखडीसारखी खपली. आधीच्या मालकानं बोअरचं पाणी घातलेलं असणार. शिवण झाळली, होज पाइप बदलले, नवीन कूलंट घातलं. जुनी व्हॅन असेल तर निघायच्या आधीच रेडिएटर उतरवून साफ करून घ्यावा. मी सर्व्हिसिंग केलं होतं, टायर पाहिले होते, ब्रेक पाहिले होते, हे पाहिलं नव्हतं. सोबत एक जादा फॅन बेल्ट, होजच्या क्लिपा आणि गाडीसाठी वेगळं वीस लिटर गोडं पाणी ठेवावं. पिण्याच्या टाकीला हात लावायची वेळ येऊ देऊ नये.

मिस्त्री काम करता करता पाण्याबद्दलच बोलत होता. पालर म्हणजे पावसाचं, टांक्यात किंवा तळ्यात साठवलेलं. पाताळपाणी म्हणजे खोल विहिरीचं, बहुतेक ठिकाणी खारं. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरं, रेजाणी. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो. वाळूत मुरलेला पाऊस त्या थरावर अडकतो, खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत जात नाही. त्या थरापर्यंत अरुंद कुई खणली की रात्रभरात थोडं थोडं गोडं पाणी झिरपून जमा होतं. कुठे खणायचं हे म्हाताऱ्यांना कळतं, म्हणाला, आम्हाला आता कळत नाही. हे सांगताना त्याच्या हातातला पाना थांबला होता.

दुपारी किराडूची देवळं पाहून आलो. सोमेश्वराच्या मंदिराचं कोरीवकाम फार देखणं आहे, आणि सूर्यास्तानंतर तिथे थांबणारा दगड होतो अशी कथा आहे. पहारेकऱ्यानं साडेपाचलाच आम्हाला बाहेर काढलं.

दिवस पाचवा : जैसलमेर

बाडमेर ते जैसलमेर हा रस्ता या प्रवासातला सर्वांत सुखाचा. गाडी तापत नव्हती, ऊन कोवळं होतं, आणि खेजडी सोबतीला. खेजडी म्हणजे आपली शमी. आपण तिला दसऱ्याला एक दिवस पुजतो, इथे ती वर्षभर माणसं जगवते. पाला शेळ्या-उंटांना, वाळलेल्या फांद्या चुलीला, शेंगा म्हणजे सांगरी भाजीला. शिव गावाच्या पुढे एका ढाब्यावर केर-सांगरी खाल्ली. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची छोटी फळं. सांगरी चिवट, केर आंबट, वर मोहरीचं तेल आणि सुकी लाल मिरची. आबांना आवडली नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या.

जैसलमेरच्या अलीकडे सतरा किलोमीटरवर आकल नावाच्या गावापाशी दगड झालेली झाडं आहेत. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, त्याचे ओंडके जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले आहेत. हात लावला तर गार दगड, नजरेला मात्र साल आणि वलयं. तिथे आम्ही दोघंच होतो.

किल्ल्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, तेव्हा थोडक्यात. 1156 मध्ये वसलेला, पिवळ्या दगडाचा, आत अजून माणसं राहतात. आम्हाला घर दाखवणाऱ्या काकांनी भिंतीवरचे ओलीचे डाग दाखवले. कोरड्या हवेसाठी, हंड्यानं पाणी आणणाऱ्या माणसांसाठी बांधलेला हा किल्ला. आता नळ आणि मोऱ्या आल्या आणि जिरलेलं पाणी पायाखालची माती सैल करतंय. पाणी नाही म्हणून उजाड झालेली गावं ऐकली होती, पाण्यानं खचणारा किल्ला पहिल्यांदा पाहिला.

दिवस सहावा : कुलधरा आणि माळढोक

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत सोडलेलं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. लोक भुतांच्या गोष्टी ऐकायला येतात. मला वाटतं पालीवालांची खरी ओळख गावाबाहेर आहे, खडीनमध्ये. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी सखल जागी लांब मातीच्या बांधानं अडवायचं. पाणी जिरलं की त्या ओलाव्यावर गहू-हरभरा पेरायचा, पुन्हा पाणी द्यायचं नाही. वर्षाला 200 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या मुलखात गहू! जवळच एक चालू खडीन दिसला. हरभरा गुडघ्याएवढा झाला होता.

दुपारनंतर वनखात्याची परवानगी काढून, स्थानिक जीप आणि वाटाड्या घेऊन वाळवंट राष्ट्रीय उद्यानात गेलो. इथल्या गोडावणसाठी. गोडावण म्हणजे माळढोक.

आबा बरीच वर्षं सोलापूर-बार्शी मार्गावर होते. नान्नज त्याच रस्त्यावर. माळढोकांसाठी तिथे 1979 मध्ये अभयारण्य झालं. पहाटेच्या गाडीला कधीकधी माळावर उभा माळढोक दिसायचा, ताठ मान, डोक्यावर काळी टोपी. आबा वेग कमी करायचे आणि मागे वळून प्रवाशांना सांगायचे. मी चौथीत असताना एकदा त्यांच्या मागच्या सीटवरून पाहिल्याचं मला पुसट आठवतं. आता तिथे एखादा दिसला तर बातमी होते. देशभरात मिळून मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक या जैसलमेर जिल्ह्यात. मादी एका वेळी साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय पक्षी जड आणि समोरची नजर अधू, त्यामुळे विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत.

दीड तास काहीच दिसलं नाही. चिंकारे, एक वाळवंटी कोल्हा, आकाशात गिधाडं. ऊन उतरायला लागलं तेव्हा वाटाड्यानं जीप थांबवली आणि बोटानं सेवण गवताकडे दाखवलं. खूप लांब, गवताच्या वर एक मान. मग दुसरी. दोन माद्या हळूहळू चालत होत्या, थांबत होत्या, पुन्हा चालत होत्या. दुर्बीण मी आबांना दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि खाली घेईचनात. दहा-बारा मिनिटांनी माझ्याकडे परत दिली तेव्हा काचा ओल्या होत्या.

"नान्नजचेच वाटतात गं," एवढंच म्हणाले.

दिवस सातवा : तनोट

जैसलमेरहून तनोट सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. डिझेल जैसलमेरलाच पूर्ण भरावं, रामगडनंतर भरवसा धरू नये. मोबाइलची रेंजही रामगडपुढे येते-जाते, म्हणून घरी आधीच कळवून ठेवावं. तनोटच्या मंदिरापर्यंत कुणीही जाऊ शकतं, त्याच्या पुढे सीमेकडे जायला मात्र परवानगी लागते. ओळखपत्र जवळ असू द्यावं.

रामगडपुढे रस्ता वाळूच्या टेकड्यांवरून चढ-उतार करत जातो. वारा सुटला होता आणि डांबरावरून वाळूचे पट्टे सापासारखे सरकत होते. एका वळणावर वाळू अर्ध्या रस्त्यावर आली होती. समोरून ट्रक आला, मी त्याला जागा द्यायला डावीकडे घेतलं आणि मागची चाकं रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं आणखी खाली. आबांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. "रेस करू नको. जितकं रेस करशील तितकं खड्ड्यात जाईल."

त्यांनी वाळूतली गाडी कधी चालवली नव्हती, पण चिखलातली पुष्कळ. चारही टायरांची हवा निम्म्यापर्यंत सोडली, म्हणजे टायर पसरट होतो आणि वाळूवर टेकतो. चाकांपुढची वाळू फावड्यानं काढली, खाली गाडीतली दोन पायपुसणी आणि पलंगाची एक फळी घातली. एवढ्यात मेंढ्या घेऊन चाललेले दोघं थांबले, काही न विचारता मागून खांदा लावला. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत, गाडी बाहेर. हवा भरायचा छोटा पंप सोबत होता म्हणून ठीक. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं लांब जाता येत नाही, टायर तापून फुटतो. पंप नसेल तर हवा सोडायचा विचारच करू नये.

तनोटमातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. 1965 च्या युद्धात परिसरात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत अशी श्रद्धा आहे, त्यांतले काही काचेच्या कपाटात ठेवले आहेत. नवसाचे रुमाल बांधलेले, हजारो. संध्याकाळची आरती जवानच करतात. ढोलक वाजवणारा जवान केरळचा, टाळ वाजवणारा आसामचा. आबा आरती पाठ नसूनही शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

त्या रात्रीची थंडी विसरणार नाही. पत्र्याची व्हॅन रात्री आतून ओली होते, आपल्याच श्वासाचं दव टपावरून थेंब थेंब पडतं. तरी एक खिडकी बोटभर उघडी ठेवावीच. आत शेगडी किंवा कोळसा पेटवून कधीही झोपू नये, बंद गाडीत त्या वायूनं माणूस झोपेतच जातो. आम्ही दोन रजया, कानटोप्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या यांवर भागवलं.

दिवस आठवा : लोंगेवाला आणि कालवा

लोंगेवालाच्या युद्धस्मारकाशी तासभर थांबलो. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि 23 पंजाब या पलटणीची सव्वाशेच्या आसपास माणसं रणगाड्यांसमोर उभी राहिली, सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं येईपर्यंत. पाकिस्तानी रणगाडे तिथे ठेवले आहेत. आदल्या दिवशी वाळूत रुतलो होतो, त्यामुळे त्या रणगाड्यांची चाकं मी वेगळ्या नजरेनं पाहिली.

मग रामगडवरून मोहनगड. इंदिरा गांधी मुख्य कालव्याचं शेवटचं टोक इथे आहे. पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिके बंधाऱ्यापासून निघालेलं पाणी 649 किलोमीटर चालून इथवर येतं. 1958 मध्ये काम सुरू झालं, 1987 मध्ये पाणी मोहनगडला पोचलं. वाळूच्या टेकडीवरून उतरलो आणि समोर भरून वाहणारं हिरवट पाणी, काठाला शिसवीची झाडं, पलीकडे मोहरी पिवळी धमक. पोरं कपडे धूत होती. चहावाले काका म्हणाले, त्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा कालव्याला नारळ वाहिला होता. आणि आता टांके कोण झाडतं, हेही तेच म्हणाले. वर काही बिघडलं की कालवाबंदी होते, मग टँकर, मग पुन्हा जुन्या टांक्यांची आठवण.

दिवस नववा आणि दहावा : खीचन

पोकरण, रामदेवरा आणि फलोदी एका दिवसात केलं. रामदेवऱ्याला हिंदू आणि मुसलमान दोघंही जातात, राजस्थानची लोकदेवता रामदेव बाबा म्हणून आणि रामसा पीर म्हणून, आणि कापडाचे घोडे वाहतात. आबांनी एक पिवळा घोडा नातीसाठी घेतला. फलोदी म्हणजे 19 मे 2016 ला 51 अंश नोंदवलेलं गाव. आम्ही पोचलो तेव्हा मफलर लागत होता.

मुक्काम खीचनला, एका वाड्याच्या अंगणात. पहाटे साडेसहाला आबांनी उठवलं. चुग्गाघर म्हणजे कुंपण घातलेलं पटांगण, पाखरांसाठी रात्रीच ज्वारी टाकून ठेवलेली. गावातल्या जैन कुटुंबांनी सुरू केलेलं हे काम आता सगळं गाव करतं. 2025 मध्ये खीचनला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

आधी आवाज आला. लांबून, एकमेकांत मिसळलेला, देवळात शेकडो माणसं पुटपुटत असावीत तसा. मग उत्तरेकडून रांगाच्या रांगा. कुरजा, क्रौंचांतली सर्वांत लहान जात, मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिवाळ्यासाठी आलेली. त्या घिरट्या घालत राहिल्या, एक उतरली, दहा उतरल्या, आणि पाच मिनिटांत पटांगणाची वाळू दिसेनाशी झाली. राखाडी अंग, काळा गळा, कानामागे पांढरे तुरे. इथल्या लोकगीतांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप द्यायला बायका कुरजांना विनवतात. बघायचं असेल तर सूर्योदयाआधी शेजारच्या गच्चीवर पोचावं, गडद कपडे घालावेत आणि बोलू नये. खाऊन झाल्यावर त्या गावच्या तळ्यावर पाणी प्यायला जातात, तेही पाहावं.

खाली आलो, गाडीत शेगडी पेटवली. आबांनी पलंगाखालून माजीसांचा कॅन काढला. सहा दिवस तो तसाच होता. रेडिएटर दुरुस्त झाल्यावर ते पाणी गाडीत घालायला त्यांचं मन झालं नव्हतं, आणि प्यायलाही. त्यांनी मोजून दोन कप पाणी पातेल्यात घेतलं, चहा ठेवला. अंगणातल्या लिंबाला मातीचं परिंड टांगलेलं होतं, पाखरांना पाणी ठेवायचं इथलं भांडं. ते कोरडं पडलं होतं. कॅनमधलं थोडं पाणी त्यांनी त्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि कॅन परत पलंगाखाली ठेवला.

दुपारी कोलायतच्या तळ्याशी थोडं थांबून संध्याकाळी बिकानेरला पोचलो. भूजपासून दीड हजार किलोमीटरच्या आसपास झाले होते. इंजिन थंड झाल्यावर आबांनी बोनेट उघडून झाकण काढलं, बोट घालून पाहिलं. पाणी होतं तिथेच होतं.